परतीची वाट आधी आखा: घरी बांधलेल्या विमानाच्या वायरिंगमधली खरखर टाळण्यासाठी

बेळगावजवळ, सांबऱ्याच्या अलीकडे एका शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये माझा एक मित्र दोन आसनी विमान बांधतोय. सांगाडा पोलादी नळ्यांचा, वर कापड. चार वर्षं खपून इंजिन पहिल्यांदा सुरू झालं, त्या दिवशी आम्ही सगळे पेढे घेऊन हजर होतो. पंखा फिरला, तेलाचा दाब आला, टाळ्या झाल्या. मग त्याने हेडसेट डोक्यावर चढवला आणि दोन मिनिटांत काढून माझ्या हातात दिला. "बघ की रे, कानात कोण शीळ मारालंय!" खरंच शीळ होती. थ्रॉटल पुढे सरकवला की शीळ चढायची, मागे ओढला की उतरायची.

मी विमानातला माणूस नव्हे. उद्यमबागेत मोटारी रिवाइंड करण्यात आणि गाड्यांच्या वायरिंगमध्ये माझी तीस वर्षं गेली. पण ती शीळ ओळखीची होती. गणपतीत एखाद्या मंडळाचा मिक्सर एका बोर्डावर आणि अँप्लिफायर दुसऱ्या बोर्डावर लावला की स्पीकरमध्ये जो हम बसतो, त्याचीच ही चुलत बहीण. त्या शिळेमागे आमचे तीन रविवार गेले. शेवटी सापडलेला दोष इतका साधा होता की कुणाला सांगायची लाज वाटावी. तो पुढे येईलच. त्या तीन रविवारांत आणि नंतर अख्खं वायरिंग उपसून पुन्हा करताना जे हाती लागलं, ते इथे क्रमाने देतो.

मुळात गोम एकच आहे. आपण वायर ओढतो ती बॅटरीपासून दिव्यापर्यंत, आणि परत यायचं काम "बॉडी अर्थ"वर सोडून देतो. करंट मात्र गेला तितकाच परत येतो, आणि त्याला वाट दाखवली नाही तर सापडेल त्या वाटेने येतो. रेडिओच्या अंगणातून आला की त्याचा आवाज होतो. त्यामुळे या लेखात फिल्टर, म्हणजे गोंगाट अडवणारा भाग, फार उशिरा भेटेल.

आधी आवाजाची जात ओळखा

वडगावात माग सुरू झाले की घरातल्या रेडिओत खरखर यायची, हे आमच्या पिढीला पाठ आहे. कुणाचा माग सुरू झाला तेही काही जण आवाजावरून सांगत. विमानातही हाच कान लागतो.

इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी-उतरणारी सलग शीळ अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनवर फिरून वीज करणाऱ्या यंत्राची असते. गाडीच्या अल्टरनेटरला बहुतेक वेळा बारा ध्रुव, म्हणजे सहा जोड्या असतात. तीन फेजचा करंट डायोडमधून सरळ केला की प्रत्येक विद्युत फेऱ्यामागे सहा उंचवटे उरतात. सहा सक छत्तीस, म्हणजे अल्टरनेटरच्या एका फेऱ्यात छत्तीस उंचवटे. तो मिनिटाला ६००० फेरे घेत असेल तर सेकंदाला शंभर फेरे, म्हणून ३६०० हर्ट्झ. माणसाच्या कानाला नेमकी टोचणारी पट्टी.

वेगाबरोबर दाट होणारी टकटक ही इग्निशनची. चार सिलिंडरच्या चार स्ट्रोक इंजिनात एका फेऱ्याला दोन ठिणग्या पडतात. २४०० फेऱ्यांना सेकंदाला ऐंशी.

सेकंदाला एकदा "ऊंऽऽ" करत चढणारा आणि फट्कन तुटणारा सूर जुन्या पद्धतीच्या झेनॉन स्ट्रोबचा, म्हणजे लखलखणाऱ्या दिव्याचा. इंजिनशी काही देणंघेणं नसलेली, एकसारखी चरचर आली तर मोबाइलचा चार्जर किंवा स्वस्तातला एलईडी दिवा धरा. बटण दाबून बोलताना हेडसेट किंचाळतो, किंवा बोलायला लागलं की इंधनाचा काटा उडी मारतो, हे प्रकरण अगदी निराळं आहे. ती अँटेनाची तक्रार. आणि अधूनमधून येणारी "टर्र टर्र टर्र" खिशातल्या मोबाइलची. आमचा एक पूर्ण तास तिने खाल्ला.

विमानाचा रेडिओ ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात एएम पद्धतीने चालतो. एएममध्ये आवाज लहरीच्या उंचीत भरलेला असतो, आणि ठिणगीचा गोंधळही उंचीतच भर घालतो. म्हणून गाडीतल्या एफएमला जे जाणवत नाही ते इथे कानात खडखडतं.

गोंगाट कुठून शिरतो

तीन दारं आहेत. पहिलं, सामायिक वायर: मोठा आणि छोटा करंट एकाच वायरीतून किंवा एकाच जोडातून जातात. दुसरं, शेजार: दोन वायरी लांबपर्यंत चिकटून धावतात आणि एकीचं दुसरीत उतरतं. तिसरं, हवा: ठिणगी स्वतःच एक छोटं प्रक्षेपण केंद्र असते आणि तिचा आवाज थेट अँटेनातून येतो.

यातलं पहिलं दार सर्वांत मोठं. आकडाच बघा. इंजिनपासून फायरवॉलपर्यंतच्या (इंजिन आणि केबिन यांमधला धातूचा पडदा) जोडाचा रोध ५ मिलिओहम आहे आणि त्यातून अल्टरनेटरचे २० अँपिअर परत येतायत असं धरू. त्या जोडावर १०० मिलिव्होल्ट पडतात. दिव्याला त्याचं काही नाही. पण त्यातला दहावा हिस्सा जरी थरथरता असला तरी १० मिलिव्होल्टची शीळ तयार झाली. माईकचा सिग्नल काही शे मिलिव्होल्टचा असतो. माईकचा जोड या थरथरत्या जागी टेकला, तर ती शीळ माईकमधूनच बोलली असं रेडिओला वाटतं आणि तो ती इमानदारीत मोठी करतो.

आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं. बॅटरी आसनामागे, तिचा ऋण टोक तिथल्याच नळीला. इंजिनचा अर्थ पुढे इंजिन माउंटला. म्हणजे अल्टरनेटरचा सगळा परतीचा करंट पोलादी सांगाड्यातून पुढून मागे. पोलाद तांब्याच्या कितीतरी पट जास्त रोध करतं, त्यामुळे सांगाड्याच्या दोन टोकांत व्होल्टेजचा फरक. पॅनेल सांगाड्याला दोन्ही बाजूंनी बोल्टने बसवलेलं, रेडिओचा अर्थ पॅनेलच्या डाव्या कोपऱ्यात, आणि हेडसेटच्या जॅकची धातूची मान उजव्या कोपऱ्यात पॅनेलला घट्ट आवळलेली. शीळ यायला आणखी काय हवं?

पहिलं काम कागदावर

वायर कापायच्या आधी वायरिंगचं चित्र काढा, आणि प्रत्येक उपकरणाला दोन रेघा काढा: लाल रेघ जायची, काळी रेघ यायची. काळी रेघ "बॉडी"चं चिन्ह काढून मिटवू नका, ती बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत ओढा. मग वाटेत दोन काळ्या रेघा कुठे एक होतात ते बघा. जिथे एक होतात तिथे मोठा आणि छोटा करंट एकत्र चाललाय का, एवढाच प्रश्न विचारायचा. हे चित्र काढायला आम्हाला दोन संध्याकाळी लागल्या. ते आधी काढलं असतं तर तीन रविवार वाचले असते.

चित्रावर प्रत्येक वायरीला क्रमांक द्या आणि तोच क्रमांक वायरीच्या दोन्ही टोकांना पारदर्शक स्लीवखाली चिकटवा. पुढे दोष शोधताना या क्रमांकाचे उपकार आठवतात.

वायर दुकानातली गाडीची पीव्हीसीची वापरू नका. ती जळली तर विषारी धूर होतो, आणि विमानात खिडकी उघडून बाजूला थांबता येत नाही. टेफझेल आवरणाची, कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची विमानी वायर मागवा. सिग्नलसाठी २२ गेज पुरते, पण तिचा रोध मीटरला सुमारे ५३ मिलिओहम असतो हे डोक्यात ठेवा. परतीच्या वायरीत कंजुषी केली तर तिथेच व्होल्ट सांडतात.

अर्थ एका जागी

इथे "अर्थ" म्हणजे घराच्या अंगणात कोळसा-मीठ घालून पुरलेली पट्टी नव्हे. विमानात जमीन नसते. अर्थ म्हणजे बॅटरीचं ऋण टोक आणि त्याला जोडलेला एक ठरलेला बिंदू.

तो बिंदू फायरवॉलवर करा. एक पितळी बोल्ट फायरवॉलमधून आरपार घ्या. इंजिनच्या बाजूला त्यावर इंजिनच्या कवचाकडून येणारी तांब्याची विणलेली पट्टी. केबिनच्या बाजूला बॅटरीच्या ऋण टोकाची जाड केबल आणि एक पितळी पट्टी, जिच्यावर ओळीने चपटे टॅब झाळलेले आहेत. पॅनेलमधल्या प्रत्येक उपकरणाची काळी वायर या टॅबवर स्वतंत्र येईल. रेडिओ, इंटरकॉम, माईक आणि हेडफोन यांच्यासाठी पट्टीचा एक कोपरा राखून ठेवा. बॅटरी मागे असली तरी तिची ऋण केबल तांब्याचीच, थेट या बोल्टपर्यंत आणा. सांगाड्याला परतीचं काम देऊ नका. केबलचं वजन वाढतं म्हणून मित्राने कुरकुर केली. दीड किलोच्या आसपास भरली ती. मी म्हटलं, दुपारच्या कुंद्याची वाटी कमी कर.

फायबरच्या विमानात हा प्रश्न आपोआप सुटतो, कारण तिथे बॉडीच वीज नेत नाही आणि प्रत्येक परतीची वायर ओढावीच लागते. सगळ्यांत जास्त मोह होतो तो अल्युमिनियमच्या विमानात. पंखाच्या टोकावरच्या दिव्याचा अर्थ तिथल्या पत्र्याला दिला तर चालतं. पॅनेलमधल्या आवाजाच्या उपकरणांचा देऊ नये.

आता जोड कसा करायचा. पत्र्यावरचा रंग आणि प्रायमर थिंबलच्या, म्हणजे वायरीच्या टोकाला चेपायच्या धातूच्या कडीच्या, आकारापुरता घासून चकचकीत धातू काढा, लगेच जोड आवळा, आणि मग बाहेरून सील करा. उलट क्रमाने नको. अल्युमिनियमला तांबं थेट भिडवू नका, कथिलाचा मुलामा असलेलं थिंबल वापरा. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं. खानापूरकडून येणारा पाऊस जूनमध्ये शेडच्या पत्र्यावर बसला की ऑक्टोबरपर्यंत हलत नाही, आणि उघडा राहिलेला जोड एका पावसाळ्यात हिरवा होतो.

थिंबल पक्कडीने चेपू नका. पूर्ण दाबल्याशिवाय न सुटणारा रॅचेटचा क्रिंपर घ्या. हत्तरगीच्या वसाहतीत मोठ्या विमानांचे सुटे भाग बनतात, पण हा एवढासा क्रिंपर बेळगावच्या चार दुकानांत विचारून मिळाला नाही. शेवटी मागवावा लागला. पैसे वसूल झाले.

जोड चांगला झाला का हे साध्या मीटरच्या ओहमच्या पट्टीवर कळत नाही. मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध त्याहून मोठा असतो. चांगल्या अर्थ जोडाचा रोध ३ मिलिओहमच्या आत हवा. तो मोजायची गॅरेजवाली युक्ती अशी: बारा व्होल्टची बॅटरी घ्या, तिच्या रांगेत इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावा आणि तो करंट तपासायच्या जोडातून पाठवा. साधारण पावणेदोन अँपिअर वाहतात. आता मीटर मिलिव्होल्टवर ठेवून त्याची टोकं थेट जोडाच्या दोन बाजूंना टेकवा, करंटच्या चिमट्यांना नव्हे. पाच मिलिव्होल्टच्या आत आलं तर जोड उत्तम. आमच्या इंजिन माउंटवरच्या जोडाने ४० दाखवले होते, कारण खाली पावडर कोटिंग तसंच होतं.

माईक आणि हेडफोन

शंभरातल्या नव्वद शिळा इथे शिरतात असं माझं मत आहे. आकडा मोजलेला नाही, अनुभवाचा आहे.

माईक आणि हेडफोन, दोन्ही जॅकची मान पॅनेलच्या धातूपासून तोडायची. त्यासाठी पायरीचे फायबर वॉशर मिळतात. एक वॉशर भोकात बसतो, दुसरा पलीकडून. ते मिळेनात तर उद्यमबागेत कुठल्याही लेथवाल्याकडे नायलॉनची कांडी घेऊन जा, चहा होईपर्यंत चार करून देतो. आम्ही तेच केलं. आमच्या तीन रविवारांचं उत्तर हे चार वॉशर आणि रेडिओची हलवलेली एक काळी वायर एवढंच होतं. वॉशर बसवल्यावर जॅकची मान आणि पॅनेल यांच्यामध्ये मीटर लावून खात्री करा. अजिबात जोड दिसता कामा नये.

वायर जाळीची घ्या. हेडफोनला जाळीच्या आत दोन तारा, माईकला तीन: सिग्नल, परत आणि बोलायच्या बटणाची. जाळीला परतीचं काम देऊ नका. बरेच जण एक तार आणि जाळी यांवर भागवतात, आणि ते चालतंही, पण मग जाळीवर आलेला प्रत्येक कचरा थेट सिग्नलमध्ये मिसळतो. जाळी एकाच टोकाला जोडायची, इंटरकॉम किंवा ऑडिओ पॅनेलच्या बाजूला. जॅकच्या बाजूला ती कापून स्लीवखाली झाका. दोन्ही टोकांना जोडली की जाळीचंच एक कडं तयार होतं आणि त्यात करंट फिरायला लागतो. म्हणजे छत्री उलटी धरल्यासारखं.

मागच्या आसनाचा जॅक असेल तर त्याची वायर स्ट्रोबच्या आणि इंधनाच्या पंपाच्या वायरीपासून वेगळ्या बाजूने न्या. कुठे ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

मॅग्नेटो आणि ठिणगी

सुरुवातीला सुरक्षा. मॅग्नेटो म्हणजे बॅटरीशिवाय ठिणगी पाडणारं यंत्र. तो बंद करणं म्हणजे त्याची पी-लीड, स्विचकडे जाणारी वायर, अर्थला टेकवणं. ही वायर तुटली किंवा सुटली की मॅग्नेटो कायमचा चालू. अशा वेळी पंखा हाताने जरासा फिरवला तरी इंजिन उसळू शकतं. पी-लीडला हात लावायच्या आधी प्रत्येक सिलिंडरचा एक प्लग काढा आणि पंख्याच्या वर्तुळात कुणी उभं राहू नये.

पी-लीड नेहमी जाळीची. जाळीचं इंजिनकडचं टोक मॅग्नेटोच्या कवचाला. पॅनेलकडचं टोक फक्त स्विचच्या अर्थच्या पिनला, आणि ती पिन पॅनेलच्या धातूला अजिबात नाही. स्विचला अर्थ हवा तो जाळीतूनच मॅग्नेटोकडून येतो. स्विचचा अर्थ पॅनेललाही दिला तर इंजिन आणि पॅनेल यांच्यात आणखी एक कडं तयार होतं आणि टकटक माईकच्या अर्थापर्यंत पोचते.

प्लगच्या वायरींची जाळी दोन्ही टोकांना नीट आवळलेली हवी, सैल पडली की तिथून ठिणगीचा आवाज बाहेर पडतो. विमानी प्लगच्या आत रोध असतो. नव्या प्लगमध्ये तो हजार ओहमच्या आसपास भरतो, पाच हजारांच्या वर गेला की प्लग बाद समजा. गाडीचे प्लग वापरणाऱ्या इंजिनात रोध असलेलेच प्लग आणि टोप्या लावा. ठिणगीच्या वायरी नीट बांधलेल्या आणि अँटेनाच्या केबलपासून दूर.

अल्टरनेटर आणि दिवे

अल्टरनेटरची जाड वायर फायरवॉलच्या पुढेच स्टार्टरच्या कॉन्टॅक्टरवर (मोठा करंट जोडणारा स्विच) संपवा, तिथे फ्यूज लावा आणि तिथूनच बॅटरीकडे न्या. ती केबिनमध्ये पॅनेलपर्यंत फिरवून परत नेऊ नका, जुनी अँमीटर लावायची हौस असली तरी. आजकाल करंट मोजायला शंट किंवा हॉल सेन्सर असतो.

रोटॅक्स ९१२ या छोट्या विमानांच्या इंजिनात आतलाच कायम चुंबकाचा जनरेटर असतो, २५० वॅटचा, एका फेजचा. त्याचा करंट मुळातच जास्त थरथरता. म्हणून रेग्युलेटरजवळ २२,००० मायक्रोफॅराडचा कपॅसिटर लावायला निर्माता सांगतो. तो गाळू नका. कपॅसिटर २५ व्होल्ट किंवा जास्त क्षमतेचा असावा, त्याच्या वायरी आखूड असाव्यात आणि तो कंपनाने हलू नये असा क्लॅम्पने बसवावा. फक्त सोल्डरवर लोंबकळणारा कपॅसिटर शंभर तासांत तुटतो.

झेनॉन स्ट्रोबचा डबा आणि दिवा यांतली वायर जाळीची, आणि जाळी फक्त डब्याच्या बाजूला जोडलेली. एलईडी आणि चार्जर विकत घ्यायच्या आधीच तपासा, त्याची युक्ती शेवटी देतो. दिव्यांना जाणाऱ्या आणि येणाऱ्या तारांना पीळ द्या. पीळ दिला की एका तारेचं चुंबकीय क्षेत्र दुसरीचं खोडून काढतं. होकायंत्राजवळच्या दिव्याच्या तारांना तर न चुकता पीळ हवा, नाहीतर दिवा लावला की सुई कललीच.

अँटेना

रेडिओची केबल ५० ओहमची लागते. केबल टीव्हीवाल्याकडे पडलेली ७५ ओहमची गुंडाळी फुकट मिळाली तरी नको. आरजी-५८ चालते, आरजी-४०० जास्त चांगली, कारण तिची जाळी दुहेरी आणि चांदीचा मुलामा दिलेली असते. इथे एक गल्लत होते: आवाजाच्या वायरीची जाळी एका टोकाला, पण अँटेनाच्या केबलची जाळी दोन्ही टोकांना. तिथे जाळी हाच लहरीचा अर्धा रस्ता आहे.

१२७ मेगाहर्ट्झची लहर सुमारे २.३६ मीटर लांब, तिचा चतुर्थांश ५९ सेंटीमीटर, आणि प्रत्यक्षात काठी ५६ च्या आसपास भरते. हा झाला अर्धा अँटेना. उरलेला अर्धा म्हणजे तिच्या बुडाखालचा धातूचा पत्रा. कापडाच्या किंवा फायबरच्या विमानात तो नसतो, म्हणून आतल्या बाजूने अँटेनाच्या बुडापासून निघणाऱ्या, काठीइतक्याच लांबीच्या तांब्याच्या किमान चार पट्ट्या चिकटवा. त्या नसल्या की प्रक्षेपणाची शक्ती केबलच्या बाहेरून परत केबिनमध्ये येते, माईकमध्ये शिरते आणि हेडसेट किंचाळतो. बोलताना काटे उडतात तेही यामुळेच. एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते दाखवणारा) लावून आकडा दोनच्या आत आणा.

सेन्सर

इंजिनवरचे तेलाचे आणि तापमानाचे सेन्सर इंजिनच्या कवचाला अर्थ होतात, मोजणारं यंत्र मात्र पॅनेलवर. मधल्या जोडात व्होल्ट सांडले की तेलाचं तापमान खोटं वाचतं. लँडिंग लाइट लावल्यावर तापमान चार अंश वाढलं, तर तेल तापलेलं नाही, तुमचा अर्थ तापलाय. थर्मोकपलच्या, म्हणजे दोन धातूंच्या जोडाने तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या, तारा साध्या तांब्याच्या वायरीने लांबवू नका, त्याच जातीची वायर लागते.

आता फिल्टर

वरचं सगळं करूनही एखादं उपकरण चरचर करत असेल तर फिल्टर. तो गोंगाट करणाऱ्या उपकरणाजवळ लावा, ऐकणाऱ्याजवळ नव्हे, आणि त्याच्या वायरी बोटभरच ठेवा. फेराइटच्या चिमट्या लोक शेपटीला मणी ओवावेत तशा सगळीकडे लावतात. त्या मेगाहर्ट्झच्या गोंगाटाला चालतात. अल्टरनेटरच्या साडेतीन हजार हर्ट्झच्या शिळेला त्यांचा कणभर उपयोग नाही. संगीताचा प्लेयर इंटरकॉमला जोडल्यावर हम येत असेल तर मध्ये एकास एकचा छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर टाका, दोन्ही अर्थ तुटतात आणि हम जातो.

तपासायचा क्रम

आधी इंजिन बंद, फक्त बॅटरीवर. रेडिओचा स्क्वेल्च (सळसळ दाबणारी सोय) उघडा ठेवा, म्हणजे त्याची स्वतःची सळसळ ऐकू येईल. मग एकेक उपकरण चालू करा. सळसळीत भर पडली की वहीत लिहा. एका वेळी एकच. दोन एकदम चालू करायची घाई करू नका, आमचा दुसरा रविवार त्यातच गेला.

मग इंजिन चालू, चाकांना अटकाव, बाहेर एक माणूस फक्त पंख्यावर लक्ष ठेवायला. अल्टरनेटरचं फील्ड (त्याला चुंबक बनवणारा करंट) बंद करा. शीळ गेली तर चोर तो. एक मॅग्नेटो क्षणभर बंद करा. टकटक बदलली तर चोर त्याच मॅग्नेटोच्या बाजूचा. अँटेनाची केबल रेडिओतून काढा. आवाज गेला तर तो हवेतून येत होता. राहिला तर वायरींतून. हे करताना बोलायचं बटण चुकूनही दाबू नका, अँटेनाशिवाय प्रक्षेपण केलं तर रेडिओ जळू शकतो. हेडसेट जॅकमधून काढून तो रेडिओला वेगळ्या आखूड वायरीने जोडून बघा. त्यात शांत झालं तर जॅक आणि त्याची मान बघा. बहुतेक तिथेच सापडेल.

विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, कागदांची आणि परवान्याच्या इंजिनिअरने करायच्या तपासणीची वाट वेगळी आणि लांब आहे. मुंबईत कॅप्टन अमोल यादव यांनी गच्चीवर विमान बांधलं, त्यांना उड्डाणाचा परवाना २०१९ मध्ये मिळाला. त्यातली वर्षं मोजली तर वायरिंग दोनदा करण्याचं दुःख कमी वाटतं. पण वायरिंगचं चित्र, क्रमांक आणि मोजलेले मिलिव्होल्ट वहीत असले की तपासणाऱ्याचे निम्मे प्रश्न आधीच सुटतात.

आणि ती राहिलेली युक्ती. पेठेत जाताना जुना मध्यम लहरींचा ट्रान्झिस्टर खिशात घ्या. धारवाड आकाशवाणी लागते त्याच्या जरा बाजूला, जिथे काहीच लागत नाही तिथे काटा ठेवा आणि आवाज मोठा करा. दुकानदाराला एलईडी दिवा किंवा चार्जर बॅटरीवर लावायला सांगा आणि रेडिओ वीतभर जवळ न्या. जो दिवा लावल्यावर रेडिओ बोंबलतो, तो परत द्या. शहापुरात एका दुकानात आम्ही सहा दिवे असे तपासले, पाच बोंबलले. सहावा सर्वांत महाग नव्हता. वजनदार होता, कारण त्याच्या आत कॉइल आणि कपॅसिटर खरोखर बसवलेले होते. हाच ट्रान्झिस्टर शेडमध्ये टांगलेला असू द्या. दर पावसाळ्यानंतर, नवरात्राच्या सुमारास, इंजिन सुरू करून तो फायरवॉलभोवती फिरवा आणि बल्ब लावून अर्थ बोल्टचे मिलिव्होल्ट पुन्हा मोजा. मागच्या ऑक्टोबरात मित्राच्या बोल्टने ३ चे ९ दाखवले. नट पाव आटा सैल झालेला होता.